काच खाणाऱ्या आम्लाची बाटली

मित्रांनो, माझ्यात बघण्यासारखं काहीच नाही. मी एक जुनी, बुटकी, जाड पांढऱ्या प्लास्टिकची बाटली. गळ्याशी लाल टोपण, पोटावर पिवळा पडलेला कागद. आत जे आहे ते दिसायला थेट पाणी. माझ्याकडे बघून कुणाला काही वाटत नाही, आणि माझ्या आयुष्यात जे जे घडलं ते याच एका कारणाने घडलं.

जुन्या वस्तू आपली कथा सांगायला बसल्या की त्यांना हुंदके आवरत नाहीत. आम्हाला विसरलात, अडगळीत टाकलंत, आमची कदर केली नाहीत. माझी तशी काही तक्रार नाही. माणसांवर मी रागावलेही नाही. रागवायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते. मी पाच वर्षं एका फळीवर उभी राहून माणसं बघितली, आणि त्यातल्या बहुतेकांविषयी मला फक्त तुच्छता वाटते. तरीही सांगते, कारण तुमचे हात अजून शाबूत आहेत.

माझ्या आत हायड्रोफ्लोरिक आम्ल आहे. चाळीस टक्के तीव्रतेचं. हे आम्ल काच खातं, म्हणून मला प्लास्टिकचा जन्म मिळाला. माझ्या शेजारच्या फडताळात काचेच्या बाटल्या रांगेने उभ्या असत. नितळ, नाजूक, स्वतःच्या चकाकीवर खूश. त्यांच्यात मला ओतलं असतं तर आधी त्या आंधळ्या झाल्या असत्या, मग पातळ, मग फुटल्या असत्या. गंमत अशी की मला आणलं गेलं ते काचेच्याच कारखान्यात. खाली भट्टी, आणि वर पहिल्या मजल्यावर तपासणीची प्रयोगशाळा: दोन खिडक्या, तीन नळांची दगडी मोरी आणि भिंतीत बसवलेला हूड, म्हणजे धूर बाहेर ओढून नेणारं कपाट. त्या कपाटाची काच माझ्या वाफांनी धुरकट झाली होती. येणारा प्रत्येक पाहुणा ती पुसायला जाई. ती पुसून जाणारी नव्हती, पण ते कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ.

काम असं होतं. काचेसाठी वाळूचे ट्रक येत. वाळूत लोखंडाचा अंश जास्त असला की काच हिरवट होते. म्हणून चिमूटभर वाळू प्लॅटिनमच्या वाटीत घ्यायची, तिच्यावर माझ्यातलं आम्ल ओतायचं आणि हूडमध्ये तापवायचं. वाळू नाहीशी होते, मागे उरतो तो तिच्यातला मळ. तो मोजायचा. वाळूला विरघळवण्याची ताकद माझ्याशिवाय तिथल्या कुणातही नव्हती. तेवढ्यासाठी मला ठेवलेलं होतं.

पहिली चार वर्षं मी चष्मेवाल्या बाईंच्या ताब्यात होते. त्या तिथल्या ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ. स्वतःचा जाड चष्मा, त्यावर सुरक्षेचा चष्मा आणि त्यावर हनुवटीपर्यंत येणारी पारदर्शक ढाल, म्हणून हे नाव. मला हात लावण्याआधी त्या हातमोज्यांत हवा भरून ते गालाशी धरत. कुठे बारीक भोक असेल तर गालाला हवा लागते. मग आत पातळ जोडी, वर कोपरापर्यंतची जाड जोडी, आणि रबरी एप्रन. खोलीत दुसरं माणूस नसेल तर त्या मला उघडतच नसत.

इतर मंडळी त्यांना हसत. एकदा एक जण म्हणाला, "बाई, चंद्रावर निघालात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी घरी जायचंय."

काचसामान धुणाऱ्या ताई नव्याने कामाला लागल्या, तेव्हा बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना माझ्यापुढे उभं केलं. ताई चाळिशीच्या, एका मुलीच्या आई, कष्टाळू, बोलायला जरा भित्र्या.

"ही बाटली ओळखून ठेवा, ताई. ही लगेच चटका देत नाही."

"मग बरंच की, बाई."

"तेच तर वाईट. दुसरी आम्लं लागली की माणूस ओरडतो आणि नळाकडे धावतो. ही गुपचूप आत शिरते. कातडीतून मांसात, मांसातून हाडापर्यंत. अंगातलं कॅल्शियम ओढून घेते. सकाळी थेंब पडला तर दुपारपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा माणूस गडाबडा लोळतो. जास्त अंगावर सांडली तर हृदय बंद पडतं."

"अगं बाई! मग ठेवायचीच कशाला असली अवदसा?"

"कामाला लागते म्हणून. भ्यायचं नाही असं मी म्हणत नाही. भ्या. पण भ्यालात की काय करायचं ते पाठ हवं."

ते काय करायचं, ते एका छापील कागदावर होतं. बाईंनी तो हूडशेजारी चार टाचण्यांनी लावला होता. त्याखालच्या फळीवर कॅल्शियमच्या जेलची नळी. थेंब लागला, की लागल्यासारखं नुसतं वाटलं तरी, क्षणाचाही विलंब न करता नळाखाली धुवायचं, मग ते जेल चोळत राहायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई नळीवरची तारीख बघत आणि ताईंना कागद मोठ्याने वाचायला लावत. ताई अक्षर लावून लावून वाचत. तिथले शिकलेसवरलेले लोक तोंडावर हात ठेवून हसत. त्यांनी स्वतः तो कागद एकदाही वाचला नव्हता.

चार वर्षांत काही म्हणता काही झालं नाही. आता इथे माणसाच्या अकलेचा नमुना बघा, मित्रांनो. काही झालं नाही, ते बाईंमुळे झालं नाही, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. काही झालं नाही, म्हणजे बाई उगाच घाबरट, असं ठरलं.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या रसायनतज्ज्ञाला सगळे फटाफट म्हणत, कारण तो शब्द त्याच्या तोंडात चोवीस तास असे. पस्तिशीचा, हसतमुख, हुशार. घरी बायको आणि पहिलीत जाणारी लेक. लेकीने काढलेलं एक वाकडंतिकडं घर त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. माझ्यापुढे चांगल्यावाइटाला काही अर्थ नसतो, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

त्याच्या वर होते प्रयोगशाळेचे साहेब. त्यांचं पालुपद होतं, "होऊन जाईल."

एक दिवस ताई धीर करून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "साहेब, त्या जेलच्या नळीची तारीख उलटली."

"कधी लागली होती का ती?"

"नाही, साहेब."

"मग? टाकून द्या. नवी मागवू. होऊन जाईल."

नळी टाकली गेली. नवी आली नाही. आठवड्याभरात त्या फळीवर चहाच्या साखरेचा डबा आला. विषाच्या बाटल्यांपासून चार हातांवर माणसं चमच्याने साखर ढवळू लागली आणि बोटं चाटू लागली. ढाल खुंटीवर धूळ खात पडली. हातमोज्यांची एकच जोडी उरली. ती खिळ्याला लटकत असे आणि ज्याला लागेल तो ती चढवत असे. कुणी हवा भरून बघत नव्हतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाशी एक भोक पडलं होतं, टाचणीच्या टोकाएवढं. मला ते दिसत होतं. मला बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येतं ते काय बोलत होते? क्रिकेट.

तो दिवस मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. खाली फाटकाशी वाळूचा ट्रक उभा होता आणि साहेब दारातून डोकं आत घालून म्हणाले, "निकाल लवकर द्या बुवा, ट्रक अडकलाय."

"आत्ता देतो, फटाफट," असं म्हणून त्याने खिळ्यावरचे हातमोजे ओढले. ढाल नाही, एप्रन नाही. माझं टोपण फिरवलं, वाटीत आम्ल ओतलं आणि मला घाईने सरळ केलं. एक ओघळ माझ्या गळ्यावरून खाली आला. तो त्याने बोटाने पुसला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने.

वाटी हूडमध्ये ठेवून त्याने हातमोजे काढले. बोटाचं टोक ओलसर होतं. त्याने ते बघितलं आणि कोटाला पुसलं.

ताई मोरीशी चंचुपात्रं विसळत होत्या. त्यांनी मान वळवली. "दादा, ओलं काय हो ते?"

"घाम आहे, ताई. रबरात हात घामेजतात."

"तरी नीट धुवा ना नळाखाली. बाई म्हणायच्या की..."

"बाई गेल्या, ताई. खाली ट्रक उभा आहे." तो हसला, आणि त्यांचं मन राखायला म्हणून त्याने नळाखाली बोट धरलं. मी मोजलं. चार सेकंद.

ताईंनी मान खाली घातली आणि पुन्हा विसळायला लागल्या. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला ताईंचाही तिटकारा आला. त्या खोलीत काय घडलं ते कळलेलं माणूस एकच होतं, आणि ते माणूस चंचुपात्राकडे बघत होतं.

दुपारी अडीचला फटाफटच्या हातून पेन पडलं. त्याने ते उचललं, पुन्हा पडलं. बोटाचं टोक पांढरट राखाडी झालं होतं. फोड नाही, रक्त नाही. बघणाऱ्याला वाटावं की गार पाण्यात हात जास्त वेळ राहिला असेल. पण त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते आणि ओठ दाताखाली होता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"दारात सापडलं बोट." तो खोटं बोलला. इतक्या शिकलेल्या माणसाला आम्ल लागलं म्हणायची लाज वाटली!

"मलम लावा काहीतरी. होऊन जाईल."

ताईंनी हात पुसले. जिन्यात जाऊन त्यांनी बाईंना फोन लावला. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, मी बोलतेय, धुणारी. त्या पांढऱ्या बाटलीचं लागलंय दादांना. सकाळी दहाला. आता बोट पांढरं पडलंय, कळा येतायत. ते दार म्हणतात, पण दार नाही ते, मी बघितलंय."

पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. ताई म्हणाल्या, "नाही, बाई. जेल नाहीये. तिथं साखर ठेवलीये." मग थोडा वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. "हो. हो. कागद घेते. नाही, एकट्याला नाही सोडत."

त्या आत आल्या ते वेगळंच माणूस होऊन. फटाफटचा हात धरून त्यांनी तो नळाखाली ओढला आणि नळ पूर्ण सोडला. "धरा इथं. काढायचा नाही." मग भिंतीशी जाऊन त्यांनी तो छापील कागद टाचण्यांसकट ओढून काढला. कोपरा फाटला.

"ताई, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"दवाखान्यात नेतेय."

"अहो, थोडं दुखणारच. एवढं काय! तुम्ही तुमचं काम बघा."

"हेच बघतेय, साहेब," ताई म्हणाल्या, आणि त्याला कोपराला धरून जिना उतरल्या.

पुढचं मला ताईंनीच कळवलं, म्हणजे दोन दिवसांनी त्या हे सगळं भट्टीवरच्या बायकांना मोरीशी उभं राहून सांगत होत्या. खाली फाटकाशी तोच वाळूचा ट्रक उभा होता. ताईंनी ड्रायव्हरला हाका मारल्या आणि दोघं ट्रकमध्ये चढली. वाटेत फटाफट कण्हत म्हणाला, "तुमची घाई होती ना सकाळी, म्हणून..." ड्रायव्हरने त्याच्याकडे चकित होऊन बघितलं. "मला कसली घाई? मी तर सकाळपासून सावलीत झोपलो होतो. माल उद्या उतरवला तरी चाललं असतं."

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट बघितलं आणि म्हणाले, "ॲसिड का? भाजल्यावर लावायचं मलम देतो, उद्या दाखवा." ताईंनी फाटका कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, आधी एवढं वाचा. मग मलम द्या."

"तुम्ही कोण यांच्या?"

"कुणी नाही. तुम्ही वाचा."

डॉक्टर वाचायला लागले, आणि वाचता वाचता उभे राहिले. इथे मात्र मला त्या डॉक्टरविषयी तुच्छता वाटली नाही. माहीत नव्हतं, तर त्यांनी वाचलं. त्यांच्याकडेही तयार जेल नव्हतं, पण कागदावर उपाय होता: कॅल्शियमचं इंजेक्शन दवाखान्यातल्या साध्या जेलीत कालवा, हातमोज्यात भरा आणि रुग्णाचा हात त्यात घाला. त्यांनी तसं केलं. छातीला तारा लावून हृदयावर लक्ष ठेवलं. बोटाकडे जाणाऱ्या रक्तात कॅल्शियम सोडलं. नख काढावं लागलं. कळा ओसरल्या तेव्हा फटाफटची बायको आली होती, शाळेचं दप्तर खांद्याला आणि लेक कडेवर. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग ताईंकडे. "यांना कुणी सांगितलं नव्हतं का हो, हे एवढं भयंकर असतं म्हणून?"

ताईंनी तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं.

नवव्या दिवशी बोटाचं टोक कापावं लागलं, नखाच्या मुळापर्यंत. हात वाचला. माणूस वाचला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल इथे माणसं शहाणी झाली. थांबा. चौकशी अधिकारी येणार असं कळल्यावर साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. साखरेचा डबा गेला, जेलची कोरी नळी फळीवर आली. खिळ्याला नव्या हातमोज्यांच्या चार जोड्या लटकल्या. ढाल पुसली गेली. आणि एक टाइप केलेला कागद तयार झाला: "सुरक्षेची सर्व साधने व जेल जागेवर उपलब्ध होते. कर्मचाऱ्याने त्यांचा वापर केला नाही."

अधिकारी आले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी नळी हातात घेऊन फिरवली. "ही त्या दिवशी इथे होती?"

"होती की," साहेब म्हणाले. "ताई रोज ही फळी पुसतात, त्यांना विचारा. सांगा ताई, होती ना?" बोलताना ते ताईंकडे असं बघत होते की त्या बघण्याचा अर्थ बाटलीलाही कळावा. ताईंची नोकरी कायम नव्हती. मुलीची परीक्षा तोंडावर होती.

ताईंनी पदराशी चाळा केला. मला वाटलं, आता ही बाई पुन्हा मान खाली घालणार.

"ही परवा आली," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी इथं साखर होती. मीच भरली होती सकाळी डब्यात."

साहेब हसले. "यांना आठवत नसेल. पेशंटलाच विचारू."

फटाफट खुर्चीत बसला होता, उजवा हात पांढऱ्या पट्टीत. साहेबांनी तो टाइप केलेला कागद त्याच्यापुढे सरकवला आणि खांद्यावर हात ठेवला. "सही करून टाक. तुझी जागा तशीच राहील, मी बघतो. होऊन जाईल."

त्याने कागद वाचला. त्याच्या टेबलाच्या काचेखाली ते लेकीचं घर होतं. पण तो तिकडे बघत नव्हता, ताईंकडे बघत होता. मग त्याने कागद उलटा केला आणि डाव्या हाताने लिहायला घेतलं. अक्षरं लहान मुलासारखी पडत होती. प्रत्येक ओळीला वेळ लागत होता, आणि त्या खोलीत कुणी त्याला घाई करत नव्हतं. लिहून झाल्यावर अधिकाऱ्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"जेल नव्हतं. हातमोजा फाटका होता, मी तपासला नाही. ताईंनी मला नीट धुवायला सांगितलं होतं. मी हसलो."

एवढंच. खाली वाकडी सही.

पाच वर्षांत त्या खोलीत लिहिलं गेलेलं आणि मला पटलेलं हे पहिलं लिखाण. माझी तुच्छता मी सहज सोडत नाही, पण त्या दिवशी ती मला क्षणभर जड झाली.

साहेबांना मुख्य कार्यालयात दुसरं टेबल मिळालं. तिथेही ते "होऊन जाईल" म्हणत असतील, आणि तिथे ज्याचं बोट जायचं ते अजून शाबूत असेल. प्रयोगशाळा तीन आठवडे बंद राहिली. अधिकाऱ्यांनी आदेश काढला की माझ्या कपाटाची किल्ली ताईंकडे राहील आणि त्यांनी हातमोजे, तोंडावरची ढाल, हूडची हवा सगळं बघितल्याशिवाय कुणालाही मला हात लावता येणार नाही. ताईंची नोकरी कायम झाली. फटाफट कामावर परतला. त्याला अजून तेच नाव आहे, पण तो शब्द त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. थंडीत त्याचं बोट ठणकतं, तेव्हा तो ते काखेत धरून बसतो.

माझी मुदत आता संपली. प्लास्टिक म्हातारं झालं की तेही दगा देतं. या आठवड्यात मला चुन्याच्या निवळीत थोडं थोडं रिकामं करतील. मी निरुपद्रवी पांढरा गाळ होऊन जाईन. त्याचं मला दुःख नाही.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपायची गरज नाही. मी जशी आहे तशीच होते, पहिल्या दिवसापासून, आणि माझ्या पोटावर ते छापलेलंही होतं. वाचायचं काम तुमचं होतं. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत, कारखान्यात, दवाखान्यात उभे राहाल. तिथे माझ्या जातीची एखादी साधीसुधी, पाण्यासारखी बाटली असेल. तिथे एखादं माणूसही असेल, हलक्या कामावरचं, जरा भित्रं, जे चाचरत म्हणेल की नीट धुवा हो. तेव्हा हसू नका. त्याला कारण सांगू नका. घड्याळाकडे बघू नका.

नळ सोडा.